अठरावी वस्तू

शिबिराच्या कागदावर सतरा वस्तू आहेत.
बॅटरी, टोपी, ताट-वाटी, ओडोमॉस,
जुने बूट, नसतील तर कुणाचे तरी,
दोरी आठ फूट.
दोरी कशाला, हे अनघाने फोन करून विचारलं.
"ते मुलं ठरवतील," म्हणाले.

अठरावी वस्तू आम्ही कुठे लिहिली नाही.
रविवार पेठेतून मी आणली,
मीटरभर रबरी कापड, विटकरी, दवाखान्याच्या वासाचं.
दुकानदार घडी घालताना म्हणाला,
"पेशंट घरीच आहे का?"
मी हो म्हटलं.

गेलं वर्षभर रोज रात्री दोनला
मी निनादला उठवतो.
तो झोपेतच चालतो, माझ्या पोटाला डोकं टेकून.
नऊ वर्षांचं पोर झोपेत किती जड होतं!
दिवा लागला की मिटलेले डोळे आणखी मिटतात.
आम्ही काही बोलत नाही.
कधी मलाच जाग येत नाही,
त्या सकाळी गॅलरीत चादर वाळते
आणि समोरच्या चित्राव काकू
तिच्याकडे न बघता माझी चौकशी करतात.

आता पाच रात्री, पानशेतच्या पुढे,
एका खोलीत बारा पोरं.

अनघा चड्ड्यांवर मार्करने नाव घालते आहे,
नि. द. खळदकर, नि. द. खळदकर,
शेवटचा र दर वेळी शिवणीवरून घसरतो.
कागदावर चार लिहिल्यात, ती नऊ भरते.
"नऊ दिसल्या तर कळेल ना पोरांना."
ती दोन काढते.
थोड्या वेळाने एक परत ठेवते.

संध्याकाळी त्याला घेऊन खाली उतरलो.
टँकर आला होता, पाइप गळत होता,
मे महिन्यात अख्खी धायरी पाण्याकडेच बघते,
तेवढ्यात सांगून टाकलं:
सासवडला, मामाच्या लग्नात,
दहा वर्षांचा होतो मी,
पाहुण्यांच्या गादीवर.
पहाटे एकट्याने गादी उलटी केली
आणि दिवसभर तिच्यावर बसून राहिलो,
पंगतीलाही उठलो नाही.
सगळे म्हणत होते, दत्ताचं पोरगं किती गरीब.

तो आधी जरासा हसला, मग पोट धरून.
"वास नाही आला?"
"आला असेल."
"मग काय झालं?"
"काही नाही. लग्न लागलं."

टँकर रिकामा होईपर्यंत तो गप्प होता.
मग म्हणाला, "मी अर्शदला सांगितलंय."
"काय सांगितलंस?"
"तेच. तो झोपेत ओरडतो, त्याच्या आईला हाका मारतो.
त्याने मला सांगितलं, मग मी त्याला.
दोरी आहे ना आठ फूट,
एक टोक त्याच्या पायाला, एक माझ्या.
तो ओरडला की मी ओढणार,
आणि त्याच्याकडे गजराचं घड्याळ आहे."

मला विचारायचं होतं,
दोघंही गाढ झोपले तर?
गाठ कोण मारणार, सुटेल अशी मारता येते का?
जिन्यात दोन मजले मी त्याच्या मागे चढलो
आणि विचारलं नाही.

सकाळी सहाला नळ स्टॉपवरून बस सुटली.
हात करायचं तो विसरला,
खिडकीत दोन डोकी, पाठमोरी.
घरी आलो तर रबरी कापड
उशीखाली, नीट घडी करून.
अनघाने ते उचलून कपाटात ठेवलं,
वरच्या कप्प्यात, हाताला येईल असं.

रात्री दोनला उठलोच.
पाणी प्यायला ओट्यापाशी गेलो
तर तिथे बॅटरी.
कागदावरची पहिली वस्तू.
बटण दाबून पाहिलं.
लागत होती.